गळ्याचे मुद्दल

शैक्षणिक कर्जाच्या आमच्या अर्जात एक रकाना होता : 'अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर अपेक्षित मासिक उत्पन्न'. इंजिनिअर होऊ घातलेली मुले तो बेधडक भरत, डॉक्टर होणारी जरा संकोचून भरत. २०१२ च्या उन्हाळ्यात वसईच्या शाखेत माझ्यासमोर बसलेल्या एका मुलीने तो कोराच ठेवला होता. वय चोवीस. वडिलांची केळीची वाडी. मुलगी चर्चच्या गायकवृंदात वाढलेली, पुढे मुंबईला एका बाईंकडे पाश्चात्त्य गायन शिकलेली. लंडनच्या एका संगीत महाविद्यालयाने तिला दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी निवडले होते आणि अर्धी फी माफ केली होती. तरीही वीस लाख रुपये हवे होते. ती ऑपेरा गाणार होती.

"इथे काय लिहू, सर?" तिने विचारले.

"शिकून झाल्यावर तुला नोकरी कोण देतं?"

"लगेच कुणीच नाही देत. आवाज तिशीच्या पुढे तयार होतो."

तारण म्हणून वाडी दाखवली होती. शेतजमीन या कर्जाला आमच्या नियमात बसत नव्हती, शिवाय सातबाऱ्यावर सात नावे. मी अर्जावर शेरा मारला, 'उत्पन्नाची शाश्वती नाही', आणि प्रकरण वर पाठवले. ते परत येणारच होते. आले. नियमाने मी चुकलो नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते आणि आजही ठाऊक आहे. पण 'आवाज तिशीच्या पुढे तयार होतो' हे वाक्य डोक्यातून गेले नाही. शास्त्रीय संगीताच्या बैठका ऐकत मोठा झालेला मी माणूस. ऑपेरा म्हणजे जाडजूड बायकांनी उंच स्वरात ओरडणे, एवढीच माझी समजूत होती. निवृत्तीनंतर कादंबरी लिहून उरलेल्या वेळात मी हा विषय वाचत आणि ऐकत गेलो, आणि त्या मुलीने मला किती अचूक उत्तर दिले होते ते कळत गेले.

पहिली गोष्ट, ऑपेरात मायक्रोफोन नसतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात ३,८०० च्या आसपास खुर्च्या आहेत. समोर सत्तर-ऐंशी वादकांचा ताफा, आणि त्यांच्यावरून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तो नुसत्या गळ्याने. हे कसे जमते याचा उलगडा स्वीडनचे संशोधक योहान सुन्डबर्ग यांनी १९७० च्या दशकात केला. तयार गायकाच्या आवाजातली ताकद ३,००० हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात वाद्यवृंदाचा जोर ओसरलेला असतो. म्हणजे गायक वाद्यांपेक्षा मोठ्याने गात नाही. वाद्ये जिथे विरळ होतात त्या फटीतून तो आवाज काढतो. ही फट सापडायला वर्षे लागतात. ज्याला ती सापडलेली नसते तो जोर लावतो, आणि जोर लावला की गळा झिजतो.

दुसरी गोष्ट, सगळे आवाज एका वयात पिकत नाहीत. जर्मन लोकांनी आवाजांचे 'फाख' पाडले आहेत. फाख म्हणजे कपाटातला कप्पा. हलका, चपळ आवाज एका कप्प्यात, भरदार आवाज दुसऱ्यात, वाग्नरच्या चार-चार, पाच-पाच तास चालणाऱ्या नाटकांना लागणारा आवाज आणखी वेगळ्या कप्प्यात. हलके आवाज पंचविशीत रंगमंचावर येऊ शकतात. जड आवाजांना पस्तिशी उजाडते. नॉर्वेची कर्स्टन फ्लागस्टाड १९१३ पासून आपल्याकडच्या आणि स्वीडनच्या रंगमंचांवर हलक्याफुलक्या भूमिका गात होती. वाग्नरची इझोल्ड तिने प्रथम गायली ती १९३२ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षात. न्यूयॉर्कने तिला ऐकले १९३५ च्या फेब्रुवारीत, ती एकोणचाळीस वर्षांची असताना, आणि मग जगाला ती ठाऊक झाली. आता ऑपेराच्या होतकरू गायकांसाठी 'ऑपेरालिया' नावाची मोठी स्पर्धा आहे, प्लासिदो डोमिंगो यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली. तिची वयोमर्यादा अठरा ते बत्तीस. फ्लागस्टाडला त्या वयात तिथे कोणी ओळखलेही नसते.

या धंद्यात एक जुना उपदेश आहे, बँकवाल्याला ऐकताक्षणी पटेल असा : व्याजावर गावे, मुदलाला हात लावू नये. तरुण गळ्याकडे असते ते बहुतेक सगळे मुद्दलच. अजून त्यावर व्याज चढायचे असते.

इटलीतल्या मोदेना गावात १९३५ साली दोन मुले जन्मली. दोघांच्याही आया एकाच तंबाखूच्या कारखान्यात कामाला होत्या. मुलगा लुचानो पाव्हारोत्ती, बेकरीवाल्याचा पोर. मुलगी मिरेला फ्रेनी. दहाव्या वर्षी मिरेलाने रेडिओच्या स्पर्धेत पुच्चिनीच्या 'मादामा बटरफ्लाय'मधले अवघड पद गायले. तिथे त्या काळचा मातब्बर गायक बेन्यामिनो जिली होता. त्याने पाठ थोपटली आणि सांगितले, इतक्यात गाऊ नकोस, आवाज वाया जाईल, थोडी मोठी हो. आपल्याकडे दहा वर्षांच्या मुलीने बक्षीस मिळवले तर तिच्या आईवडिलांना असे सांगण्याची कुणाची छाती आहे? आणि सांगितले तरी ऐकतील का? मोदेनातल्या त्या कारखान्यातल्या बाईने ऐकले. मुलगी पुन्हा गायला लागली ती सतराव्या वर्षी, आणि १९५५ साली आपल्याच गावच्या रंगमंचावर उभी राहिली. पाव्हारोत्तीला त्याच्या पहिल्या गुरूने, आरीगो पोला यांनी, घरची परिस्थिती पाहून फुकट शिकवले. पोटासाठी तो आधी प्राथमिक शाळेत मास्तर होता, मग विमा विकत होता. १९६१ मध्ये स्पर्धा जिंकून रंगमंचावर आला तेव्हा पंचविशीत होता.

फ्रेनी मोठी झाल्यावर कारायानसारखा दबदब्याचा संगीत-दिग्दर्शक तिला जड भूमिकांकडे नेत गेला. काही तिने घेतल्या. 'ऐदा' घेतली, थोडी गायली आणि ठेवून दिली. ज्या 'बटरफ्लाय'ने लहानपणी तिचे नाव झाले, तिचे ध्वनिमुद्रण केले, चित्रपट केला. पण ती अख्खी भूमिका रंगमंचावर कधी केली नाही. 'तुरांदोत' गा, असे कारायानने म्हटले तेव्हा तिने साफ नाही म्हटले. कारायानला नाही म्हणणे म्हणजे काय, हे त्या काळच्या कलावंतांनाच ठाऊक. फ्रेनी २००५ पर्यंत गायली. सत्तराव्या वर्षापर्यंत, अर्धे शतक.

तिच्यासमोर एलेना सुलिओटिसचे नाव ठेवावे लागते. ग्रीक मुलगी, १९४३ चा जन्म, १९६४ मध्ये पहिली भूमिका. १९६५ मध्ये, बावीसाव्या वर्षी, तिच्याकडून व्हेर्दीच्या 'नाबुक्को'तली आबिगाइल्ले ध्वनिमुद्रित करून घेतली गेली. ही भूमिका पक्क्या चाळिशीतल्या गायिकांचाही घाम काढते. ते मुद्रण आजही मिळते. अंगावर काटा येतो इतके ते जबरदस्त आहे, आणि ऐकताना सारखे वाटत राहते की ही पोरगी मुद्दल उधळते आहे. दहा वर्षांच्या आत तो आवाज संपला. तिला कुणी जिली भेटला नाही असे मी म्हणणार नाही. भेटला असता तरी हातात मोठ्या कंपनीचा करार असताना बावीसाव्या वर्षी कोण ऐकते? आणि भाडे थकले असेल तर?

माझा मुद्दा इथे आहे. होतकरू गायकाला संयमाचा उपदेश सगळे करतात. संयमाचा खर्च कोणी करायचा हे मात्र कोणी सांगत नाही. बँकेच्या भाषेत, शैक्षणिक कर्जाची परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने सुरू होते. गळ्याला ही सवलत दहा वर्षांची लागते. ती दहा वर्षे बापाने, गुरूने, संस्थानिकाने किंवा नगरपालिकेने सोसली नाहीत, तर गळाच ती सोसतो.

आपल्याकडे हे नवे नाही. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज तरुणपणी एका संस्थानिकाच्या दरबारी अति गावे लागल्यामुळे गेला होता. परत आला तो बदलून, आणि त्या बदललेल्या आवाजासाठी त्यांनी आपली गायकी नव्याने बांधली. पुढे कोल्हापूरला शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. गाणे पोसायला पैसा नव्हे, फुरसत लागते असे म्हणणारे लोक फुरसतीचीही किंमत असते हे विसरतात.

आज ही किंमत सगळ्यात सरळपणे जर्मनी मोजते. तिथे सरकार आणि नगरपालिका मिळून ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहे चालवतात. कोबुर्गची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपले एखादे तालुक्याचे गाव. त्या गावाला स्वतःचे नाट्यगृह आहे आणि त्यात पगारी गायक आहेत. नवा गायक आज मोझार्टमधली दोन ओळींची दासी करतो, उद्या लहान मुलांच्या खेळात कोल्हा होतो, आणि महिन्याला पगार घेतो. हा पगार काही मोठा नसतो. पण आपल्या आवाजाला न पेलणारी भूमिका पोटासाठी घ्यावी लागत नाही.

तिथेही सगळे गोड नाही. करार वर्षाचा. पुढच्या हंगामात ठेवायचे नसेल तर साधारणपणे ३१ ऑक्टोबरपर्यंत तसे कळवावे लागते, म्हणून ऑक्टोबर महिना गायक जीव मुठीत धरून काढतात. एका नाट्यगृहात पंधरा वर्षांहून अधिक काळ झाला की सहसा काढता येत नाही. म्हणून चौदाव्या-पंधराव्या वर्षी पुष्कळांना नारळ मिळतो. आमच्याकडे प्रोबेशनची दोन वर्षे संपली की साठीपर्यंत कोणी हलवत नसे. तिथे पंधरावे वर्ष म्हणजे घात. हा नियम गायकाच्या भल्यासाठीच केलेला, आणि त्याच्याच मुळावर आला. बँकेत असे नियम मी बरेच पाहिले.

जिथे पगार नाही, प्रयोगामागे मानधन आहे, तिथे काय होते ते २०२० च्या मार्चमध्ये दिसले. न्यूयॉर्कचे मेट्रोपोलिटन बंद झाले ते २०२१ च्या सप्टेंबरमध्ये उघडले. मधल्या प्रयोगांचे करार रद्द झाले. ज्यांचा प्रयोगच झाला नाही त्यांना मानधन कसले? एरवीही, आठवडे-आठवडे तालमी करून प्रयोगाच्या दिवशी घसा बसला तर त्या रात्रीचे पैसे जातात. त्याच काळात जर्मनीच्या गावोगावच्या पगारी गायकांना घरी बसून पगाराचा मोठा भाग मिळत होता.

आपल्याला या सगळ्याशी काय करायचे, असे कोणी विचारील. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ पासून बंद होते. ते २०१६ च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडले तेव्हा तिथे गायल्या त्या पॅट्रिशिया रोझारिओ, मुंबईत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये नाव कमावलेल्या. जॉन टॅव्हनर या इंग्रज संगीतकाराने तीसहून अधिक रचना त्यांच्या आवाजासाठी केल्या. २००९ पासून त्या भारतात येऊन इथल्या मुलांना गायन शिकवत आल्या आहेत. म्हणजे शिकणारी मुले आहेत. वसईत आहेत, गोव्यात आहेत, वांद्र्याला आहेत. त्यांचे घरचे अर्ज घेऊन कुठल्या तरी शाखेत बसलेले असतील, आणि माझ्यासारखा कोणीतरी त्या रकान्यावर बोट ठेवून असेल. मी त्या अधिकाऱ्याला दोष देत नाही. बँकेचे पैसे ठेवीदारांचे असतात. पण वर्षाला लाखोंची बक्षिसे वाटणाऱ्या आणि दहा वर्षांच्या पोरांना दूरदर्शन वाहिन्यांवर रडवणाऱ्या समाजाला, दोन-चार तयार होणाऱ्या गळ्यांचे भाडे भरणे परवडत नाही, हे मला पटत नाही. मंडळे आहेत, विश्वस्त निधी आहेत, चर्चच्या आणि देवस्थानांच्या शिष्यवृत्त्या आहेत. त्या सगळ्या अभ्यासक्रम संपला की थांबतात, नेमके खर्चाचे दिवस सुरू होतात तेव्हा.

ती वसईची मुलगी लंडनला गेलीच नाही. तिने मुंबईला वर्षभर जर्मन भाषा शिकून घेतली आणि जर्मनीतल्या सरकारी संगीत महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा दिली, कारण तिथे फी जवळजवळ नसते. वर्षाच्या राहण्या-खाण्याची रक्कम आगाऊ खात्यात दाखवावी लागते, ती तिच्या काकांनी आणि गावातल्या लोकांनी जमवली. याचे श्रेय मी घेत नाही. माझ्या शेऱ्यातून कुणाचे भले झाले असेल तर तो योगायोग. शिक्षण संपल्यावर तिला एका लहान गावच्या नाट्यगृहात जागा मिळाली.

गेल्या नाताळात ती घरी आली होती. तिच्या वडिलांनी मला आठवणीने बोलावले. चर्चमध्ये ती गायली तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. आवाज माझ्यापर्यंत आला तो मोठा नव्हता, जवळ होता. नंतर घरी केळफुलाची भाजी आणि फुगे खाताना मी विचारले, मोठी भूमिका कधी मिळणार?

"दिली होती, सर, गेल्या वर्षी. तोस्का. मी म्हटलं, दोन वर्षांनी द्या."

"मग?"

"मग दुसरीला दिली. बाहेरून बोलावली."

"ती केवढी आहे?"

"सव्वीस असेल." ती थोडा वेळ गप्प बसली. "चांगली गाते हो. फार चांगली गाते."

निघताना तिचे वडील फाटकापर्यंत आले. "ऑक्टोबर गेला, साहेब," ते म्हणाले. "पत्र आलं नाही. म्हणजे पुढचं वर्ष आहे."