आधी पास, मग प्रवास: हा उलटा हिशेब कुणासाठी?

परदेशातल्या शहरात तिकिटाची रांग चुकली की माणूस खूश होतो. लंडनमध्ये खिशातलं बँकेचं कार्ड किंवा मोबाइल फाटकावरच्या पिवळ्या यंत्राला टेकवला की झालं. 2012 च्या डिसेंबरात बसमध्ये आणि 2014 च्या सप्टेंबरात भुयारी रेल्वेत ही सोय आली. तिकडून परतलेले आपले लोक तिचं कौतुक करताना एकच शब्द वापरतात, झटपट. कंपनीच्या कामासाठी मी तिथे काही आठवडे होतो, रोज बसने फिरलो. माझ्या मते झटपटपणा ही त्या व्यवस्थेतली सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे.

खरं काम मागे चालतं. फाटकाला अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यायचा असतो, तेवढ्या वेळात बँकेशी पैशाचा सगळा व्यवहार पुरा होत नाही. म्हणून यंत्र फक्त कार्ड ओळखतं, ते नाकारलेल्या कार्डांच्या यादीत नाही ना एवढं पाहतं आणि माणसाला आत सोडतं. दिवसभराच्या नोंदी एका जागी जमतात, दिवस संपल्यावर त्यांचा हिशेब होतो आणि बँकेकडून एकच रक्कम मागितली जाते. या हिशेबाला कमाल मर्यादा आहे. 2025 साली बसचं भाडं 1.75 पौंड होतं आणि दिवसाची मर्यादा 5.25 पौंड. म्हणजे तीन प्रवासांचे पैसे भरले की चौथा फुकट. सोमवार ते रविवार या आठवड्याची मर्यादा 24.70 पौंड. पास काढायचा की नाही, हे प्रवाशाला आधी ठरवावंच लागत नाही. जेवढा फिरला त्यावरून त्याला स्वस्त काय पडलं असतं, ते यंत्रणाच नंतर ठरवते.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार कामाच्या गोष्टी सांगून टाकतो. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशातला वापर आणि टेकवून पैसे देण्याची सोय बंद असते, ती बँकेच्या अ‍ॅपमधून आपणच सुरू करायची. रेल्वेत जे टेकवून आत गेलात, तेच टेकवून बाहेर या. कार्ड आणि त्याच खात्याला जोडलेला मोबाइल यंत्राला दोन वेगळे प्रवासी वाटतात, मग मर्यादेचा फायदा जातो. एका कार्डावर नवरा-बायको दोघे जाऊ शकत नाहीत. मुलाकडे राहायला गेलेल्या अम्मी-अब्बूंकडे स्वतःचं कार्ड नसेल तर त्यांना ऑयस्टर कार्ड घेऊन द्या. ते दुकानात रोख पैसे भरून चालतं आणि त्यालाही दिवसाची, आठवड्याची मर्यादा लागू होते.

हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. लंडनच्या बसने जुलै 2014 पासून रोख घेणं बंद केलं आहे. त्या शहरात बँकखातं नसलेल्या माणसाला ऑयस्टर नसतं तर बसमध्ये चढताच आलं नसतं. सिंगापूरने जानेवारी 2024 मध्ये जुन्या पद्धतीची शिल्लक साठवणारी कार्डं बंद करण्याची घोषणा केली. लोक चिडले, कारण नव्या पद्धतीत फाटकावर भाडं आणि शिल्लक दिसत नव्हती. दोन आठवड्यांच्या आत सरकारने निर्णय मागे घेतला. लोक बोलले तर फरक पडतो.

आता आपल्याकडे या. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड मार्च 2019 मध्ये आलं. ते मेट्रोत चालतं, काही शहरांत बसमध्येही चालतं. मुंबईत बेस्टने 2022 मध्ये कार्ड टेकवून चढण्या-उतरण्याच्या बस सुरू केल्या. कार्ड आलं, यंत्र आलं. मर्यादा मात्र आली नाही. कार्डात आधी पैसे भरायचे, प्रत्येक प्रवासाला ते कापले जायचे. नोटांच्या जागी प्लास्टिक, एवढाच बदल.

मे 2025 मध्ये बेस्टचं किमान भाडं 5 रुपयांवरून 10 झालं. दिवसाचा पास 75 रुपये, महिन्याचा 1,800. गोवंडीहून कामाच्या शोधात निघणाऱ्या नाका कामगाराचा विचार करा. उद्या काम मिळेल का, हेच त्याला माहीत नसतं, तर तो पहिल्या तारखेला 1,800 रुपये कशाच्या भरवशावर भरणार? तो रोज सुटं तिकीट काढतो. महिन्यात 26 दिवस काम लागलं आणि रोज 75 चा पास काढला तरी 1,950 होतात. म्हणजे ज्याच्याकडे रोकड पडून आहे त्याला सवलत, आणि रोज कमावून रोज खाणाऱ्याला पूर्ण भाडं. सवलतीची गरज कुणाला जास्त आहे, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

तांत्रिक अडचणीचं कारण कुणी पुढे केलं तर ऐकू नका. त्या कार्डात पैशांच्या शिलकीखेरीज वाहतूक संस्थेच्या पासाची नोंद ठेवायची जागा पहिल्यापासून आहे. या महिन्यात किती भाडं कापलं गेलं, हा आकडा ठेवणं आणि 1,800 झाल्यावर कापणं थांबवणं ही अवघड आज्ञावली नव्हे. शिवाय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2024 मध्ये केवायसीशिवाय प्रवासाची कार्डं द्यायला परवानगी दिली आहे, 3,000 रुपयांच्या शिलकीपर्यंत. त्यामुळे बँकखात्याचीही अट नको आणि नावाचीही. कोण कुठून कुठे जातो याची नावानिशी नोंद बसच्या तिकिटासाठी कुणाकडे का असावी?

महसूल बुडेल, ही शंका रास्त आहे. पण महिन्याचा पास 1,800 ला विकताना बेस्टने तेवढ्या पैशांत महिनाभर प्रवास द्यायचं मान्य केलेलंच आहे. तोच दर आगाऊ पैसे न भरणाऱ्यालाही द्या, एवढीच मागणी आहे. भाडेवाढीवर आपण निवेदनं देतो, ती वाढ मागे घ्या म्हणतो आणि घरी येतो. पुढच्या निवेदनात ही एक ओळ घाला: दिवसाला 75 आणि महिन्याला 1,800 च्या वर एकाही कार्डातून पैसे कापू नयेत.