पाहिलेल्या चित्रपटांचा रोजमेळ

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ज्या दैनंदिन्या मोठ्या उत्साहाने उघडल्या जातात, त्यांतील बहुतेक संक्रांतीपर्यंत कोऱ्या पडू लागतात, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. संकल्प मोठा असतो आणि विषय अमर्याद. रोजच्या जगण्यातील काय टिपावे आणि काय सोडावे हे ठरत नाही, म्हणून लेखणी थांबते. विषयाला मर्यादा घालून घेतली तर दैनंदिनी टिकण्याचा संभव अधिक. अशा मर्यादित दैनंदिनीचा एक प्रकार म्हणजे वर्षभरात पाहिलेल्या चित्रपटांची नोंदवही. घरखर्चाची वही ठेवणे हे शहाणपणाचे, पण करमणुकीचाही जमाखर्च लिहायचा म्हणजे अतिरेक झाला, असे म्हणणारे अनेक भेटतील. परंतु थोडे खोलात शिरून पाहिले तर या साध्या वहीत व्यक्तीच्या रसिकतेचा, तिच्या वेळेच्या विनियोगाचा आणि एका अर्थी समाजाच्या इतिहासाचाही प्रश्न गुंतलेला आहे, असे दिसून येईल.

अंधारातील टिपणे

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ साली झाली. पुढे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेल्या या संस्थेच्या उभारणीत ज्यांनी आयुष्य वेचले, ते पी. के. नायर चित्रगृहाच्या अंधारात बसून वहीत टिपणे करीत असत. कोणते दृश्य कोणत्या रिळात आहे हे ते सांगू शकत, अशी त्यांची ख्याती होती. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या ‘सेल्युलॉइड मॅन’ या २०१२ च्या माहितीपटामुळे त्यांचे हे कार्य सर्वसामान्य रसिकांपर्यंत पोहोचले. २०१६ मध्ये नायर यांचे निधन झाले.

या टिपणांचे महत्त्व कळण्यासाठी आपल्या चित्रपटांचे काय झाले हे आठवावे लागते. भारतात हजाराहून अधिक मूकपट निर्माण झाले. त्यांतील अखंड स्वरूपात उरलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जुनी फिल्म ज्वालाग्राही होती, तिच्यातील चांदी काढून घेण्यासाठी ती विकली जाई, आणि एकदा धंदा संपला की रिळे जपणे हा निर्मात्याला भुर्दंड वाटे. आज ‘आलम आरा’विषयी जे काही ठाऊक आहे ते छायाचित्रे, जाहिराती, पुस्तिका आणि लोकांच्या आठवणी यांच्या आधारे. चित्रपट नाहीसा झाला आणि कागद उरला. नोंद करणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानात यावे.

प्रेक्षकाची साक्ष

चित्रपटांच्या इतिहासात निर्माते, दिग्दर्शक, नट-नट्या यांची चरित्रे सापडतात. ज्याच्या पैशावर हा सारा व्यवसाय उभा राहिला तो प्रेक्षक मात्र मुका आहे. १९२७-२८ मध्ये टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या चित्रपट समितीने देशभर हिंडून शेकडो साक्षी नोंदविल्या आणि त्यांचे खंड प्रसिद्ध केले. त्या खंडांत अधिकारी, संपादक, शिक्षणतज्ज्ञ, चित्रगृहांचे मालक बोलतात. चार आण्यांच्या तिकिटावर पुढच्या बाकावर बसणाऱ्या गिरणी कामगाराला काय आवडते, हेही दुसरेच कोणीतरी सांगतात.

अन्यत्र ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा प्रयत्न झाला. शिकागोचे समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी विद्यार्थ्यांकडून त्यांची चित्रपटविषयक आत्मवृत्ते लिहून घेतली आणि १९३३ च्या आपल्या ग्रंथात त्यांचा आधार घेतला. जे. पी. मेयर यांनी इंग्लंडमध्ये एका चित्रपटविषयक नियतकालिकाच्या वाचकांकडून असेच लेखन मिळवून १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. टंकलेखिका, कारकून, गृहिणी, विद्यार्थी अशा साध्या माणसांचे हे लेखन पुढील अभ्यासकांना मोलाचे वाटले.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले आणि शनिवारच्या मराठी व रविवारच्या हिंदी चित्रपटासाठी चाळीतील एका खोलीत सारी बिऱ्हाडे दाटीवाटीने बसू लागली. त्या खोल्यांपैकी एखाद्या घराने जरी काय पाहिले, कोण आले, कोणत्या प्रसंगाला कोण रडले याची वही ठेवली असती, तर मध्यमवर्गीयांच्या त्या दशकातील भावजीवनाचे ते अस्सल साधन ठरले असते. पुण्याचे प्रभात चित्रगृह १९३४ मध्ये सुरू झाले आणि २०१४ च्या अखेरीस बंद पडले. पुढे ते ‘किबे लक्ष्मी’ या नावाने पुन्हा उघडले. या ऐंशी वर्षांत तेथे लागलेल्या चित्रपटांची यादी वृत्तपत्रांच्या जाहिरातींतून जुळविता येईल. त्यांना आलेल्या माणसांच्या मनात काय चालले होते, हे कोणत्या जाहिरातीत शोधावे?

वहीतील रकाने

ही वही कशी असावी? ती समीक्षा असण्याचे कारण नाही. तारीख, चित्रपटाचे नाव, भाषा, निर्मितीचे वर्ष, चित्रगृहात पाहिला की घरी, सोबत कोण होते, तिकिटाला किती पैसे पडले, हे आरंभीचे रकाने. त्यापुढे तीन-चार ओळी पुरेत: काय अपेक्षा होती, मनात कोणते दृश्य राहिले, काय पटले नाही. शेजारी थोडी जागा कोरी ठेवावी आणि सहा महिन्यांनी पुन्हा वाचून तेथे दुसरे मत लिहावे. गर्दीच्या भरात ‘अप्रतिम’ ठरलेल्या चित्रपटाचे एकही दृश्य आठवत नाही, आणि कंटाळवाणा म्हणून ज्याला नावे ठेवली तो अधूनमधून मनात डोकावतो, असा अनुभव येईल. स्वतःच्या अभिरुचीचे याहून प्रामाणिक शिक्षण दुसरे कोणते असू शकेल?

खरी परीक्षा डिसेंबरअखेर बेरीज मांडताना होते. आठवड्याला दोन चित्रपट पाहणाऱ्या माणसाचे वर्षाचे १०४ चित्रपट होतात. प्रत्येकी सरासरी अडीच तास धरले तर हा काळ २६० तास होतो. आठ तासांच्या कामाच्या दिवसाच्या हिशेबाने हे साडेबत्तीस दिवस, म्हणजे कचेरीतील महिन्याभराहून अधिक काळ झाला. हा वेळ वाया गेला असे मुळीच नाही. पण एवढी गुंतवणूक जेथे होते तेथे परताव्याची चौकशी करणे हे अर्थशास्त्राचे साधे सूत्र आहे. दिलेले मूल्य आणि मिळालेले समाधान हे वेगवेगळ्या रकान्यांत लिहिले की, पैसे भरले आहेत म्हणून शेवटपर्यंत बसून राहण्याची सवय किती महाग पडते हेही उमगते.

ही बेरीज कधी कधी लाजविणारीही असते. मराठी चित्रपटांना चित्रगृहे मिळत नाहीत, अशी तक्रार आपण सर्वच हिरिरीने करतो आणि ती निराधार नाही. परंतु वर्षाच्या अखेरीस वहीत मराठी चित्रपट तीन आणि त्यांतील चित्रगृहात जाऊन पाहिलेला एकच, असे दिसले, तर तक्रारीचा काही वाटा तक्रारदाराच्याही नावे मांडावा लागेल. ‘श्वास’ला किंवा ‘कोर्ट’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्याचा अभिमान बाळगणे सोपे आहे, अशा चित्रपटाला पहिल्या आठवड्यात प्रेक्षक म्हणून उभे राहणे ही वेगळी गोष्ट आहे.

सावकाराची वही

कोणी म्हणेल, आता या खटाटोपाची गरज काय? कोणी काय पाहिले, कोठे थांबले, कोणता प्रसंग पुन्हा पाहिला, हे सारे घरोघरी चित्रपट पुरविणाऱ्या कंपन्यांची यंत्रे आपोआप टिपून ठेवतात. हे खरे; आणि नेमके येथेच मेख आहे. ती नोंद प्रेक्षकाची असली तरी प्रेक्षकासाठी नाही. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, त्यामागे जी अनेक कारणे होती त्यांतील एक असे की हिशेब फक्त सावकाराच्या वहीत असे. कुळाजवळ स्वतःचा कागद नसे. म्हणूनच १८७९ च्या कायद्यात पावती, हिशेबाचा उतारा आणि खातेपुस्तिका यांविषयी तरतुदी कराव्या लागल्या. तुलना फार ताणू नये; चित्रपट पाहणारा काही कर्जबाजारी कुळ नव्हे. तरीही ज्याच्या आवडीनिवडीचा हिशेब केवळ दुसऱ्याच्या दप्तरी आहे, त्याला पुढे काय दाखवायचे हेही तो दुसराच ठरवू लागतो. स्वतःच्या हाताने लिहिलेली वही ही त्यावरची लहानशी का होईना, पण स्वतःची खातेपुस्तिका आहे.

आक्षेप आणि मर्यादा

टिपणे करण्याच्या नादात आनंद हिरावला जातो, हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. त्यावर उपाय सोपा: पाहताना पाहावे, लिहायचे ते दुसऱ्या दिवशी लिहावे. रात्रभरात जे विसरले ते बहुधा विसरण्यासारखेच असते. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. आकडा फुगविण्यासाठी चित्रपट पाहणे सुरू झाले की साधनच साध्य होऊन बसते. वर्षाला तीनशे चित्रपट पाहिल्याची बढाई आणि त्यांतील एकाविषयीही चार वाक्ये न सुचणे, ही काही रसिकता नव्हे. तिसरी सूचना शिक्षकांना. विद्यार्थ्यांना अशी वही ठेवण्यास अवश्य सांगावे, पण तिला गुण देऊ नयेत. गुण आले की नमुना उत्तरे येतात आणि एकाच वहीची नक्कल साऱ्या वर्गात फिरू लागते. ‘आवडला नाही, पण का ते सांगता येत नाही’ असे एखाद्या मुलीने प्रामाणिकपणे लिहिले, तर परीक्षेतील पाठ केलेल्या परिच्छेदाहून ते वाक्य अधिक मोलाचे मानावे.

या कामाला खर्च जवळजवळ नाही. दोनशे पानी वही आणि आठवड्यातून अर्धा तास एवढेच भांडवल लागते. फलप्राप्ती मात्र दुहेरी आहे. लिहिणाऱ्याला स्वतःची आवड तपासण्याची सवय लागते, आणि ती वही रद्दीत न जाता घरात राहिली, तर पन्नास वर्षांनी एखाद्या नातवाला किंवा अभ्यासकाला या काळातील साध्या माणसाने काय पाहिले आणि त्यातून काय घेतले याचे उत्तर मिळेल. आधीच्या पिढ्यांनी आपल्यासाठी असे उत्तर फारसे ठेवले नाही. पुढच्या पिढीबाबत ती चूक टाळणे आपल्या हाती आहे.