रस्ता लोकांचा, खड्डा कंपनीचा



भारतवारी करून परतलेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. "काय ते रस्ते! आज डांबर टाकतात, उद्या केबलवाला येऊन खणतो. आपल्याकडे (म्हणजे इथे, ब्रिटनमध्ये बरं का!) असं कधी होईल का?" समोरचे माना डोलावतात आणि गप्पा मुलांच्या शाळाप्रवेशाकडे वळतात.

होतं, मंडळी. झालेलं आहे. आणि ज्या कारणाने तिकडे होतं, जवळपास त्याच कारणाने इकडे झालं.

एडिनबराचंच बघा. राजधानीचं शहर खरं, पण वस्ती पाच लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सोलापूरहूनही लहान. या शहराने विमानतळापासून गावाच्या मध्यातून, लीथमार्गे थेट न्यूहेवनपर्यंत ट्राम आणायचं ठरवलं. बजेट ५४.५ कोटी पौंडांचं, त्यातले ५० कोटी स्कॉटिश सरकारचे. मे २००८ मध्ये मुख्य करारावर सह्या झाल्या. ट्राम २०११ मध्ये धावायची होती, ती धावली ३१ मे २०१४ रोजी. तीही न्यूहेवनला न जाता मध्येच यॉर्क प्लेसला थांबणारी. खर्च ७७.६ कोटी पौंड! अर्धवट भाकरी आणि दीडपट बिल.

घोळाची सुरुवात जमिनीखाली झाली. रुळांच्या खाली पाण्याच्या, गॅसच्या, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि विजेच्या, टेलिफोनच्या केबल ठेवून चालत नाही. उद्या एखादी फुटली तर दुरुस्तीसाठी ट्रामच बंद ठेवावी लागेल. म्हणून त्या आधी बाजूला हलवायच्या आणि मग रूळ टाकायचे, असा साधा क्रम. पण जुन्या शहराच्या पोटात काय काय दडलंय याची नोंद अपुरी होती. खणावं तसतशा अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वाहिन्या निघत गेल्या. त्यांचं काम अपुरं, आराखडे अपुरे, तरीही मुख्य करार करून टाकला. मग ठेकेदाराला मोकळी जागा मिळेना, आणि दाव्या-प्रतिदाव्यांची लढाई जुंपली.

प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे त्या शहराचा लक्ष्मी रोड. २००९ मध्ये तो बरेच महिने वाहतुकीला बंद होता. रूळ टाकून झाले. आणि २०११ मध्ये तोच रस्ता पुन्हा खणला, कारण रुळांलगतचा पृष्ठभाग उखडायला लागला होता. ओळखीचं वाटतंय ना? लीथ वॉकची कथा याहून वाईट. तिथल्या दुकानदारांनी वर्षानुवर्षं खड्डे, अडथळे आणि धूळ सोसली, आणि शेवटी कळलं की या खेपेला ट्राम तुमच्या दारात येणारच नाही! ती आली जून २०२३ मध्ये, पुन्हा एकदा सगळा रस्ता खणून.

आता प्रश्न असा की हे कोणी केलं? हे काम एडिनबरा कौन्सिलने 'टाय' नावाच्या कंपनीकडे दिलं होतं. कंपनी संपूर्ण कौन्सिलच्या मालकीची, पण कौन्सिलच्या बाहेर उभी केलेली. निवडून आलेले नगरसेवक एका बाजूला, कंपनीचे अधिकारी दुसऱ्या बाजूला. खणणार कंपनी, पैसे देणार करदाते आणि माना हलवणार नगरसेवक! २०११ मध्ये कंपनी गुंडाळायचं ठरलं. मग जाब विचारायचा कोणाला? खड्ड्याला?

२०१४ मध्ये चौकशी जाहीर झाली, ती लॉर्ड हार्डी यांच्याकडे सोपवली गेली. अहवाल आला सप्टेंबर २०२३ मध्ये. नऊ वर्षं आणि १.३ कोटी पौंडांच्या आसपास खर्च. आपल्याकडच्या चौकशी आयोगांना नावं ठेवणाऱ्यांनी हे आकडे जरूर लक्षात ठेवावेत. हार्डींनी मुख्य दोष टायवर ठेवला, पण कौन्सिललाही सोडलं नाही आणि स्कॉटिश मंत्र्यांनाही नाही. सरकारने आपली तज्ज्ञ यंत्रणा या प्रकल्पाच्या देखरेखीतून बाजूला काढली होती, हेही त्यांनी नोंदवलं. सर्वांत बोलकी आहे त्यांची एक शिफारस. कौन्सिलला जाणूनबुजून खोटी माहिती असलेले अहवाल देणाऱ्या व्यक्तींवर आणि कंपन्यांवर दिवाणी आणि फौजदारी कारवाईची तरतूद करण्याचा सरकारने विचार करावा! अशी शिफारस करायची वेळ का येते याचा आपणच विचार करा.

आता पणजीला चला. २०११ च्या जनगणनेनुसार वस्ती जेमतेम चाळीस हजार. २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट सिटी मिशनची अटच अशी होती की प्रत्येक शहराने या कामासाठी वेगळी कंपनी काढायची. तशी पणजीतही निघाली. मलनि:सारण, पावसाळी गटारं, केबल, रस्ते, सगळ्यासाठी चिमुकलं शहर उलथंपालथं झालं. २०२४ च्या सुरुवातीला एक तरुण दुचाकीसह खोदलेल्या चरात पडून मेला. धुळीने हैराण झालेले नागरिक हायकोर्टात गेले आणि न्यायमूर्तींना स्वत: रस्त्यांची पाहणी करायला उतरावं लागलं. महापालिका निवडून आलेली, तिच्या दारात मतदार उभा राहू शकतो. कंपनीच्या दारात मात्र फक्त रखवालदार भेटतो.

साम्य लक्षात येतंय? रस्ता लोकांचा, खड्डा कंपनीचा. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! 'ब्रिटिश शिस्त' आणि 'भारतीय बेशिस्त' या दोन लाडक्या कथांमुळे आपण दोन्हीकडच्या सत्ताधाऱ्यांना सोडून देतो. इथे कौतुक करून, तिथे कपाळावर हात मारून.

काहीजण म्हणतील, कौन्सिलच्या बाबूंना एवढं मोठं काम झेपणार आहे का? कंपनी चपळ असते, तज्ज्ञ आणू शकते. उत्तर त्याच शहरात आहे. यॉर्क प्लेस ते न्यूहेवन हा पुढचा टप्पा कौन्सिलने स्वत:च्या यंत्रणेमार्फत राबवला. रस्त्याचा एक तुकडा एकदाच बंद करायचा आणि तिथली सगळी कामं त्याच वेळी उरकायची, असं धोरण ठेवलं. दुकानदारांसाठी मदतनिधी ठेवला. मधे कोविड येऊनही २०.७ कोटी पौंडांच्या बजेटमध्ये ट्राम सुरू झाली. काही वाहिन्या आधीच्या खोदकामात हलवल्या होत्या, त्याचा फायदा मिळाला हे खरं. तिथल्या नागमोडी सायकलमार्गावर लोक पोटभर हसले हेही खरं. पण जाब कोणाला विचारायचा, याचं उत्तर या वेळी एकच होतं.

मदतनिधीबद्दल एक शब्द. गॅसच्या किंवा पाण्याच्या वाहिनीसाठी झालेल्या खोदकामात लहान धंद्याचं नुकसान झालं तर भरपाई मागायची कायद्यात तरतूद आहे. ट्रामसाठी मिळाली ती मदत, म्हणजे देणाऱ्याची मर्जी. लीथ वॉकवरच्या पोलिश, इटालियन, देशी दुकानदारांनी शहराच्या भल्यासाठी गल्ला रिकामा ठेवायचा आणि वर आभारही मानायचे? भरपाई हा हक्कच असायला हवा.

२०२५ मध्ये एडिनबराने ग्रँटनपासून बायोक्वार्टरपर्यंतच्या नव्या ट्रामबद्दल लोकांची मतं मागवली. आपल्यापैकी कित्येकजण इंजिनिअर, हिशेबनीस, वकील, प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. ऑफिसात दुसऱ्याच्या प्रकल्पातले धोके रोज मोजतात. मग आपल्या गावचा रस्ता खणायला निघाला की आपण गप्प का? विचारायचे प्रश्न तीनच. जमिनीखालचा नकाशा तयार आहे का? ज्याचा धंदा बुडेल त्याला भरपाई हक्काने मिळणार का? आणि चुकलं तर मतपेटीतून खाली खेचता येईल असा कोण माणूस जबाबदार आहे?

एडिनबरा असो, पणजी असो की पुणे, हे प्रश्न कुदळ पडण्याआधी विचारायचे असतात. नंतर विचारले तर नऊ वर्षांनी उत्तर मिळतं, आणि त्या उत्तराचं बिलही आपल्याच नावावर येतं.