आधी नळी बघा

मागच्या महिन्यात एका मंगळवारी रात्री, आमचं रिलीज चालू असताना, नगरहून मावसबहिणीचा फोन आला. ही एरवी व्हॉट्सअ‍ॅपवर चार शब्दांपलीकडे बोलत नाही. फोन आला म्हणजे काहीतरी बिनसलं. मी हेडफोन काढून पॅन्ट्रीत गेलो.

"दादा, मला टीममधून काढलं."

ही पोरगी गेली दोन वर्षं पॉइंट टूटू रायफल मारते. कॉलेज सांभाळून, सायकलवर रेंजला जाऊन. गेल्या दोन-तीन महिन्यांत तिचं ग्रुपिंग फुटायला लागलं होतं, म्हणजे गोळ्या एका जागी पडायच्या त्या पसरायला लागल्या होत्या. निदान सगळ्यांनी एकमुखाने केलं : ट्रिगर झटकतेस, श्वास धरत नाहीस, अभ्यासाचं टेन्शन आहे, मन लागत नाही तुझं. मी विचारलं, "रायफल कुणी बघितली का?" ती म्हणाली, "रायफलीला काय होतंय?"

आणि मला एकदम माझी अकरावी आठवली.

तर झालं असं होतं, की अकरावीत मी पण कॅडेट होतो आणि मला पण एका कॅम्पमध्ये असंच निवडीतून काढलं होतं. कारण तेच, ट्रिगर आणि श्वास. रायफल नंबर अमुक सोडून दुसरी द्या असं म्हणायची हिंमत नव्हती. उस्तादांना कोण उलट बोलणार? मी घरी आलो, सीईटीच्या पुस्तकांत डोकं घातलं, इंजिनिअर झालो, आता पुण्यात बसून लोकांचे बग शोधतो. ती रायफल खराब होती की मीच खराब होतो, हे मला आजही माहीत नाही आणि आता कळायचा मार्गही नाही. बारा वर्षांनी खटकतं ते एवढंच. नापास झाल्याचं नाही, पेपर कुणी तपासलाच नाही याचं.

असो. मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं साधं आहे : नेमबाजाला दोष देण्याआधी रायफलीची नळी तपासा. दर वेळी तपासा, लिहून ठेवा. हे आपल्याकडे, निदान शिकाऊ पोरांच्या पातळीवर, पुरेसं होत नाही.

आता हे नगरकराने सांगायला लागावं याची मला मौज वाटते. नळ्यांच्या बाबतीत आमचं गाव जुनं आहे. विजापूरच्या बुरुजावरची ती प्रचंड मुलूख मैदान तोफ १५४९ साली ओतली गेली ती अहमदनगरमध्ये, निजामशाहीत, रूमी नावाच्या तुर्की उस्तादाच्या देखरेखीखाली. वजन सुमारे ५५ टन, तोंड एवढं की आत माणूस सहज बसेल. पुढे भिंगारच्या बाजूला लष्कराची छावणी, मग आर्मर्ड कोअरचं केंद्र. गावाचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण रणगाडे तेच. लहानपणी के. के. रेंजवर फायरिंग असलं की खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि आजी म्हणायची, "चालू झालं यांचं." रणगाडा संग्रहालयात तर प्रत्येक नगरी पोराची एक तरी सहल जातेच. तिथे विजयंता बघितला असेल तुम्ही. त्याची तोफ १०५ मिलिमीटरची, आतून पिळाच्या खाचा पाडलेली. म्हणजे तत्त्वाने आमच्या पॉइंट टूटूची थोरली बहीणच.

आमच्या गल्लीत एक निवृत्त आर्मरर काका राहतात. हत्यारांची दुरुस्ती करण्यात त्यांची उभी नोकरी गेली. त्यांच्याकडून मला एक गोष्ट कळली ती फार आवडली. रणगाड्याच्या तोफेची वही असते. किती गोळे डागले याची नोंद होते, आणि सगळे गोळे सारखे मोजत नाहीत. जोरदार दारूचा गोळा नळी जास्त झिजवतो, हलका कमी. म्हणून सगळ्यांचा हिशोब 'पूर्ण भाराचे इतके गोळे' असा एका मापात करतात. शिवाय नळी आतून मोजतात आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे झिजली की सरळ बाद करतात. नळीवर जे जाडसर आवरण दिसतं ते कशासाठी? तर उन्हाने एक बाजू तापली की एवढी जाडजूड नळीसुद्धा केसभर वाकते. तेवढ्याने लांबचा नेम चुकतो.

म्हणजे बघा, तोफ चुकली तर आधी तोफ तपासायची ही समज गावातच आहे. फक्त कॉलेजच्या पोरीपर्यंत ती पोचलेली नाही.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा आला तर पुढचे चार परिच्छेद सोडा, पण सोडू नका :)

रायफलीच्या नळीत खाचांचा पीळ असतो. पॉइंट टूटूमध्ये साधारण १६ इंचांत एक फेरा. गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने निघते, म्हणजे बाहेर पडताना ती सेकंदाला सुमारे ८०० गिरक्या घेत असते. या गिरकीमुळेच ती सरळ जाते. भोवरा जोरात फिरतो तोवर उभा राहतो, तसंच. आता गोळी नळीचं तोंड सोडते तो क्षण धरा. तिच्या बुडामागे दाबलेला वायू आहे. तोंडाची कड सगळीकडून सारखी असेल तर वायू सगळीकडून एकदम सुटतो. कडेवर एका जागी जरी टवका असला, तरी वायू तिथून आधी सुटतो आणि गोळीला बुडाकडून बारीकसा धक्का देतो. या कडेला क्राउन म्हणतात. अख्ख्या नळीत सगळ्यात नाजूक जागा हीच, आणि सगळ्यात जास्त हाल हिचेच. रायफल तोंडावर टेकवून उभी करतात, रॅकमध्ये आदळतात, आणि साफ करताना पुलथ्रूची दोरी तिरकी ओढतात. दोरीला धूळ चिकटलेली असते. तीच दोरी, तीच बाजू, वर्षानुवर्षं. विहिरीच्या काठाच्या दगडाला दोराने खाच पडते ना, तसं नळीच्या तोंडाला पडतं. म्हणजे गंमत अशी, की रायफल बिघडते ती कित्येकदा साफसफाईमुळे!

तपासायचं कसं? आधी बोल्ट उघडून चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघायचं, आणि हे सगळं रेंजच्या जबाबदार माणसासमोर करायचं. मग कानात घालायची कापसाची काडी घेऊन तोंडाच्या आतल्या कडेवरून हळू फिरवायची. कुठे कापसाचा धागा अडकला तर तिथे बोचरा काठ आहे. खर्च शून्य. नंतर चेंबरच्या बाजूने उजेड धरून दुसऱ्या बाजूने बघायचं. काळे पट्टे, गंजाचे ठिपके, खाचांत बसलेलं शिसं दिसतं. हल्ली फोनला जोडायचे बारीक कॅमेरे मिळतात, पॉइंट टूटूसाठी जाडी ५ मिलिमीटरच्या आत हवी. पण एक इशारा : त्या कॅमेऱ्यात चांगली नळीसुद्धा सह्याद्रीसारखी दिसते. घाबरून जाऊ नका. शेवटचा निकाल कागदावरच्या भोकांचा.

साफ करायचं तर गज चेंबरच्या बाजूने घालायचा, तोही मार्गदर्शक नळी लावून, म्हणजे तो आत घासत नाही. चिंदी तोंडातून बाहेर आली की काढून टाकायची, तीच मळकी चिंदी परत आत ओढायची नाही. ब्रश मध्येच उलटा फिरवायचा नाही. काही रायफलींना बोल्टकडून गज जात नाही, तिथे तोंडाकडूनच काम करावं लागतं. मग दोरी नळीच्या मधोमध सरळ ओढणं हाच उपाय. आणि अति करायचं नाही. पॉइंट टूटूची गोळी मऊ शिशाची, तिला मेणासारखं वंगण लावलेलं असतं. स्वच्छ घासलेल्या नळीत ते पुन्हा बसेपर्यंत पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात. जुन्या काळी फायरिंग झालं की नळीत उकळतं पाणी ओतायचे, कारण तेव्हाच्या टोपीतल्या रसायनाचे क्षार नळी खायचे. आताच्या काडतुसांत ते नसतात. पण "रोज घासलीच पाहिजे" ही सवय मात्र राहिली. आपल्या कोडमध्ये नाही का, कुणी कधी कशासाठी टाकलं हे माहीत नसलेली ओळ तशीच राहते?

चौथी गोष्ट म्हणजे गोळ्या. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, पण वेगळ्या लॉटच्या गोळ्या एकाच नळीतून वेगळ्या वागतात. म्हणून वरच्या पातळीचे नेमबाज रायफल शिकंज्यात पकडून एकेक लॉट मारून बघतात आणि जो जुळतो तोच विकत घेतात. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. शर्टाच्या बटणाएवढं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली किंवा स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ घेतलं, ते या बटणावर. दोघंही कोल्हापूरकडचे. तिथे मन, शरीर, श्वास हे सगळं लागतंच. पण पसरट मारणाऱ्या नळीतून बटण फोडता येत नाही.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे, कारण तो मी स्वतःच स्वतःला घेतला. शिकाऊ पोरांची शंभरातली बहुतेक खराब ग्रुपिंग पोरांच्याच चुकीने होतात. मग "रायफल बघा" म्हटलं की प्रत्येकाला सबब मिळेल. आमच्याकडे नवीन डेव्हलपर आला की पहिल्या आठवड्यात म्हणतोच, "माझ्या मशीनवर चालतंय, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे." दहातल्या नऊ वेळा प्रॉब्लेम त्याचाच असतो.

बरोबर आहे. पण म्हणूनच तर तपासायचं. सर्व्हर ठीक आहे हे लॉग दाखवून सिद्ध केलं की सबब आपोआप संपते. अभिनव बिंद्राने आत्मचरित्रात लिहिलंय, की २००८ मध्ये बीजिंगला फायनलच्या तोंडावर त्याच्या चाचणीच्या गोळ्या भलतीकडेच जायला लागल्या, त्याची साइट हललेली होती. त्याने क्लिक देऊन दुरुस्त केलं आणि सुवर्ण घेतलं. चूक माझी नाही, रायफलीची आहे, हे ओळखायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. अठरा वर्षांच्या पोरीकडे तो नसतो. तिला तुम्ही सांगाल ते ती खरं मानते. तुम्ही म्हणालात तुझं मन लागत नाही, की तिचं मन खरंच लागेनासं होतं.

तर मी शनिवारी सकाळी बस पकडून नगरला गेलो. काकांना सोबत घेतलं. रेंजवरच्या सरांशी मी भांडलो नाही (भांडायची तयारी करून गेलो होतो). काकांनीच विषय काढला, "सर, जरा हत्यार बघू का?" सर हो म्हणाले, अगदी आनंदाने. म्हणाले, दोन रायफली आणि एवढी पोरं, माझ्या एकट्याकडून काय काय होणार? तेही खरंच होतं.

कापसाची काडी खालच्या डाव्या बाजूला अडकली. काकांनी माझं बोट तिथे लावलं, मला काही कळलं नाही. मग त्यांनी भिंगातून दाखवलं. दोरीने घासून काठ एका बाजूला चपटा झालेला.

पण तेवढ्यावर निकाल द्यायचा नाही, असं मीच म्हटलं. वाळूच्या थैल्यांवर ठेवून दोन्ही रायफली मारल्या. त्याच डब्यातल्या गोळ्या, २५ यार्ड, दहा-दहाचे तीन ग्रुप, सर आणि काका असे दोघे नेमबाज. पाच गोळ्यांच्या एका ग्रुपवरून काही सिद्ध होत नाही, कधी कधी नशीबही ग्रुप करतं. दुसरी रायफल दोघांच्या हातात अडीच सेंटिमीटरच्या आत राहिली. तिची रायफल दोघांच्याही हातात पाचच्या खाली आली नाही.

मग ती दुसरी रायफल घेऊन झोपून मारायला बसली. साडेतीन सेंटिमीटर. आधीच्या सातपेक्षा बरंच चांगलं, पण थैल्यांवरच्या अडीचपेक्षा जास्त. सर म्हणाले, "ट्रिगर झटकतेस, ते खरंच आहे." ती म्हणाली, "हो सर, पण आता किती झटकते ते कळलं ना."

या वाक्यासाठी मी हा लेख लिहिला.

उपाय फार मोठा नाही. प्रत्येक रायफलीला एक साधी शंभर पानी वही : तारीख, किती गोळ्या, कुठला लॉट, थैलीवरचा ग्रुप किती, कुणी साफ केली. महिन्यातून एकदा कापसाची काडी. क्राउन बिघडला असेल तर परवानाधारक आर्मररकडून लेथवर तोंड पुन्हा कापून घ्यायचं, नळी त्यात थोडीशीच आखूड होते. सरांनी वही त्याच दिवशी चालू केली, पहिल्या पानावर काकांची सही आहे. निवड परत कधी होईल माहीत नाही.

एक मजेची गोष्ट सांगून थांबतो. कॅम्पमधल्या हिंदीत 'शिस्त लेना' म्हणजे नेम धरणं. आपल्या मराठीत शिस्त म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ती नेहमी पोरांनीच पाळायची असते. मला वाटतं, थोडी शिस्त हत्यारं देणाऱ्यांनीही पाळावी. नेम आपोआप धरला जाईल.

तुमच्याही शाळेत, जिममध्ये, ऑफिसात अशी एखादी न तपासलेली नळी असेल. या वीकएंडला एक कापसाची काडी घेऊन बघा.