मंगळवारी सगळं ठीक असतं

अधूनमधून येणाऱ्या बिघाडाइतका माणसांना एकमेकांवर संशय घ्यायला लावणारा दुसरा बिघाड नाही, असं माझं मत होत चाललंय. यंत्र साफ बंद पडलं तर बरं. माणूस बोलवा, पैसे द्या, मोकळे व्हा. पण आमच्या चर्चमधल्या प्रोजेक्टरचं तसं नव्हतं. रविवारच्या उपासनेत गीत ऐन रंगात आलं की पडदा निळा, त्यावर 'नो सिग्नल', आणि पाच-सात सेकंदांनी चित्र पुन्हा हजर! कधी एका सकाळी तीनदा, कधी दोन रविवार एकदाही नाही.

पूर्वी हे खपून गेलं असतं. प्रत्येकाच्या हातात 'उपासना संगीत' असायचं, आणि ना. वा. टिळकांची गीतं तर कित्येकांना तोंडपाठ. पडदा आला आणि पुस्तकं कपाटात गेली. आता ओळ गेली की आवाजही जातो. पुढच्या बाकांवरच्या आज्या तेवढ्या न अडखळता गात राहतात. बाकीच्या माना मागे वळतात, लॅपटॉपपाशी बसलेल्या मुलीकडे. अकरावीतली पोर. तिनं काहीही केलेलं नसतं. असं चार-पाचदा झाल्यावर ती त्या खुर्चीवर बसेनाशी झाली. मी या भानगडीत पडलो तो त्यामुळे.

उपाय सांगणारे भरपूर होते. एकानं लॅपटॉप बदलला, एकानं केबलचं टोक काढून, फुंकर मारून परत लावलं, एकानं प्रोजेक्टरची जाळी साफ केली. गंमत म्हणजे सगळ्यांनाच गुण आला. येणारच! चित्र आपोआप परत येत होतं, त्यामुळे शेवटी ज्याचा हात लागला त्याचं नाव झालं. ताप उतरायच्या वेळी लावलेल्या अंगाऱ्यासारखं.

मग टेक्निशियन आला, मंगळवारी. दोन तास बसला, काही सापडलं नाही, 'सगळं ओके' म्हणून गेला. त्याला खोटारडा म्हणणाऱ्यांशी मी वाद घातला. मंगळवारी पंखे बंद, अॅम्प्लिफायर बंद, गायन मंडळ घरी. रिकामं चर्च आणि भरलेलं चर्च या दोन वेगळ्या जागा आहेत.

थोडं तांत्रिक सांगतो. जुन्या व्हीजीए केबलमध्ये सिग्नल कमजोर झाला की चित्र फिकट व्हायचं, अक्षरांना सावली यायची. म्हणजे आधी सूचना मिळायची. एचडीएमआयमध्ये कडेपर्यंत चित्र अगदी स्वच्छ, आणि कड ओलांडली की थोडे चमकते ठिपके, नाहीतर थेट अंधार. १०८०पी चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर केबलमधून सेकंदाला सुमारे ४.५ अब्ज बिट जातात. दोन-तीन मीटरला काहीच अडत नाही. पण साधी तांब्याची १५-२० मीटर केबल म्हणजे कडेवर चालणं. मग एवढासा धक्का पुरतो. आणि दुवा क्षणभर जरी तुटला, तरी लॅपटॉप आणि प्रोजेक्टरला पुन्हा एकमेकांची ओळख पटवावी लागते. ते पाच-सात सेकंद तिथे जातात. (व्हीजीएच्या टोकाला निदान दोन स्क्रू असायचे. एचडीएमआयचं टोक नुसतं खुपसलेलं असतं, आणि छतावरून येणाऱ्या केबलचं वजन त्याला खाली ओढत असतं.)

म्हणून मी कोणालाही काही बदलू दिलं नाही. लॅपटॉपशेजारी एक वही ठेवली. चित्र गेलं की वेळ लिहायची आणि त्या क्षणी काय चाललं होतं ते. शिवाय दोन गोष्टी: प्रोजेक्टरचा स्वतःचा मेनू दिसतो का, आणि लॅपटॉपनं काही सुटल्याचा आवाज केला का. मेनू नीट दिसत होता, म्हणजे प्रोजेक्टर धडधाकट. लॅपटॉप आवाज करत होता, म्हणजे त्यालाही दुवा तुटल्याचं कळत होतं. सहा रविवारांत ११ नोंदी झाल्या. त्यांतल्या नऊ गायन मंडळ उभं राहतानाच्या.

कमिटीत हशा पिकला. मला हसू आलं नाही. गॅसच्या फिरत्या खुर्चीवरून माणूस उठला की स्थिर विजेमुळे शेजारचा मॉनिटर क्षणभर काळा होतो, हे माहीत असलेलं प्रकरण आहे. आमची केबल तर गायन मंडळाच्या लाकडी फळ्यांखालून, गालिच्याच्या कडेनं गेली होती. मग एकच गोष्ट बदलली: १०८०पीचं ७२०पी केलं. केबलवरचा भार निम्मा होतो. पुढचे चार रविवार गायन मंडळ उठलं, बसलं, चित्र हललंसुद्धा नाही. कमिटीच्या टेबलावरचं नव्या प्रोजेक्टरचं कोटेशन त्या दिवशी बाजूला सरलं.

खरं तर गीतांच्या मोठ्या अक्षरांना ७२०पी पुष्कळ झालं. ज्यांची ऐपत नाही त्यांनी तेवढ्यावर थांबावं. आम्ही फायबरची एचडीएमआय केबल घेतली आणि फळ्यांखालून न नेता भिंतीवरून नेली. ती एकाच दिशेनं चालते, कोणतं टोक लॅपटॉपला ते पाहून ओढावी लागते. भिंतीत घातल्यावर कळलं तर पंचाईत.

राहता राहिली ती मुलगी. तिच्याकडे माना भर उपासनेत वळल्या होत्या, तर दोष केबलचा होता हेही भर उपासनेतच सांगावं, असं माझं म्हणणं. जाहिरातींच्या वेळी दोन वाक्यं, बस. कमिटी म्हणते, झालं गेलं, कशाला विषय वाढवायचा? पुढच्या मीटिंगला मी वही घेऊन तो विषय पुन्हा काढणार आहे.