छिन्नी सर्वांत शेवटी



थंडी पडली की कुपवाडच्या बंगल्यांतून आणि कॉलन्यांतून एकच तक्रार येते: पहाटे सोलरचं पाणी कोमटच येतं. मग कुणी ट्यूब बदलतो, कुणी ओल दिसली तिथे छिन्नी लावतो. पुष्कळदा मूळ दुखणं गरम लाइनच्या गळतीचं असतं. कन्सील्ड पाइपमधून झिरपलेलं पाणी खाचेतून उतरून भलतीकडेच, स्कर्टिंगपाशी फुटतं. ओल दिसते तिथेच गळती असते, असं धरून चालू नका.

आधी मोजा. रात्री सगळे नळ आणि टाकीत येणारं पाणी बंद करून गच्चीवरच्या टाकीत पातळीची खूण करा. पहिल्या रात्री सोलरकडे जाणारा वॉल्व्ह बंद ठेवा, दुसऱ्या रात्री उघडा. पहिल्याच रात्री पातळी उतरली तर दोष टाकीत किंवा थंड लाइनमध्ये आहे. फक्त दुसऱ्या रात्री उतरली तर सोलरमध्ये किंवा गरम लाइनमध्ये. एक मीटर व्यासाच्या गोल टाकीत एक सेंटीमीटर घट म्हणजे सुमारे आठ लिटर पाणी. दोन्ही रात्री पातळी हलली नाही, तर मिक्सर तपासा. त्यातून थंड पाणी गरम लाइनमध्ये शिरत असेल.

सोलरपाशी डोळे उघडे ठेवा. ट्यूबच्या सिलिकॉन रिंगभोवती क्षारांचा पांढरा थर दिसला, तर तिथून पाणी झिरपून वाळतं आहे. बोअरच्या जड पाण्यात ही खूण चटकन उमटते. बाहेरच्या पत्र्याच्या तळातून थेंब येत असतील, तर आतली टाकी तपासा. व्हेंट पाइपचं तोंड थंड टाकीच्या पातळीपेक्षा खाली असेल, तर तिथून पाणी सांडणारच. ती गळती नव्हे, जोडणीतली चूक आहे.

बरीचशी गळती आपल्या प्लंबरांच्याच कामातून जन्मते. तीन मीटर सीपीव्हीसी पाइप चाळीस अंशांनी तापला की आठ-एक मिलिमीटर लांबतो. दोन्ही टोकं मसाल्यात घट्ट आवळली, तर रोजच्या ताणाने एल्बो कधीतरी तडकतोच. गरम लाइनला साधा पीव्हीसी पाइप लावणं तर सरळसरळ अपराध आहे.

म्हणून प्रत्येक नव्या कामात तीन गोष्टी कराच: सोलरच्या दोन्ही बाजूंना वॉल्व्ह, गिलाव्याआधी दाबाची चाचणी, आणि उघड्या पाइपांचे मापासह फोटो घरमालकाच्या हाती. दहा वर्षांनी तिथे दुसराच प्लंबर येईल. त्याला अख्खी भिंत फोडायची वेळ आली नाही, तर आपलं काम चोख झालं असं समजावं.

— संपादक