आधी दवाखाना, मग पाहुणे : मालवण किनारपट्टीचे मागणीपत्र

प्रति,
मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. पालकमंत्री व मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग

विषय : करोनासोबत राहून पर्यटन व्यवसाय चालवण्याबाबत

सप्टेंबर २०२१

महोदय,

गणपती झाले, चाकरमानी परतले आणि दिवाळीच्या चौकशीचे फोन सुरू झाले. पूर्वी फोनवर पहिला प्रश्न असायचा, "तुमच्याकडून समुद्र किती लांब?" आता असतो, "तुमच्याकडे चालू आहे ना?" याला छातीठोक उत्तर आमच्यातल्या एकालाही देता येत नाही. "आज तरी चालू आहे," एवढेच आम्ही सांगतो. पुण्याचे किंवा कोल्हापूरचे कुटुंब एवढ्या उत्तरावर गाडी काढत नाही.

तारकर्ली, देवबाग, वायरी आणि मालवण बंदर परिसरातले न्याहारी-निवासवाले, खानावळी चालवणाऱ्या बायका, होडीवाले, स्कूबाचे प्रशिक्षक आणि रिक्षावाले यांच्या संघटनेचे हे निवेदन आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्या घोषणेवर विसंबून इथल्या माणसांनी घराला दोन खोल्या जोडल्या, मासेमारीच्या होडीवर बाकडी बसवली, मुलांना पोहण्यापलीकडचे पाण्यातले काम शिकवले. आमचे वर्ष मुळातच तोकडे. पावसाळ्यात जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी ऑगस्टअखेरपर्यंत बंद, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. उरलेल्या महिन्यांत कमाई खरी ती दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मेची. ते एप्रिल-मे सलग दोन वर्षे गेले, आणि दुसऱ्या वर्षी जाता जाता १६ मे रोजी तौक्ते वादळ छपरे घेऊन गेले.

साथ संपली की बघू, हे मार्च २०२० मध्ये म्हणणे समजण्यासारखे होते. आता लस आली, दोन लाटा झाल्या, तिसरीची चर्चा आहे. हा आजार मुक्कामाला आला आहे हे आम्ही धरून चाललो आहोत. शासनानेही तसेच धरून नियम आखावेत. पॅकेजपेक्षा आम्हाला हे जास्त हवे आहे.

आमची पहिली मागणी पर्यटन सुरू करण्याची नाही, दवाखान्याची आहे. पाहुणा दोन दिवस राहून जातो. तो गेल्यावर ताप आला तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला येतो. गंभीर रुग्ण ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचा, तिथे भागले नाही तर कोल्हापूर किंवा गोव्यातले बांबोळी, हा इथला परिपाठ आहे. सिंधुदुर्गनगरीला वैद्यकीय महाविद्यालय होणार, त्याचा आनंद आहे. पण ते उभे राहून डॉक्टर बाहेर पडेपर्यंत किती हंगाम जातील ते आपणच सांगावे. तोवर किनाऱ्यालगतच्या आरोग्य केंद्रांत ऑक्सिजनच्या खाटा, रात्री हजर असणारा डॉक्टर, चालकासह रुग्णवाहिका आणि हंगामभर अँटिजेन चाचणीची सोय हवी. चाचणी पाहुण्याचीही व्हावी, गावकऱ्याचीही.

यासोबत जनरेटर. हे वेगळे सांगतो, कारण तौक्तेच्या वेळी काय झाले ते आम्ही पाहिले आहे. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. मोबाइलचे टॉवर मुके झाले. घरी विलगीकरणात असलेल्यांच्या हाताशी ऑक्सिमीटर होता, आकडा खाली येताना दिसत होता, पण फोन लावायचा कुणाला आणि कशावरून? त्याच आठवड्यात लसीच्या नोंदणीचा ओटीपी यायचा होता, तोही आला नाही. ऐन मेमध्ये वादळ आणि साथ एकत्र येऊ शकतात हे आता कागदावर यायला हवे. किनारपट्टीच्या आपत्ती आराखड्यात साथीचे प्रकरण घालावे आणि भूमिगत वीजवाहिन्यांचे काम आरोग्य केंद्रांपासून सुरू करावे.

२५ मे रोजी आपल्या जिल्ह्यासह १८ जिल्ह्यांतले गृहविलगीकरण बंद झाले. गावोगावी शाळांच्या वर्गांत गाद्या पडल्या आणि एकेका नळावर रांगा लागल्या. त्याच दिवसांत आमच्या खोल्या, प्रत्येकीला स्वतंत्र न्हाणीघर असलेल्या, कुलूपबंद होत्या. पुढच्या वेळी असे होऊ नये. वाजवी दर ठरवून, निर्जंतुकीकरणाचा खर्च धरून, राजीखुशीने पुढे येणाऱ्यांच्या खोल्या विलगीकरणासाठी भाड्याने घ्याव्यात. आणि पाहुणाच आजारी पडला तर? आज यावर एका ओळीचाही आदेश आमच्या हाती नाही. त्याला खोलीत ठेवायचे, गाडीत घालून परत पाठवायचे की गावाने रस्त्यावर काढायचे, हे घरमालकावर सोडू नये.

दुसरी मागणी नियम लिहिण्याच्या पद्धतीची. आदेश निघतात ते हॉटेलांसाठी. त्यांत स्वागतकक्ष, उद्वाहन, भोजनगृह, आसनक्षमता असे शब्द असतात. आमच्याकडे पडवी असते. पाहुण्याचा डाळ-भात आणि घरातल्यांचा डाळ-भात एकाच चुलीवरून उतरतो, सोलकढीची वाटी त्याच मोरीवर विसळली जाते. क्षमतेच्या ५० टक्के, असे दोन खोल्यांच्या घराला सांगितले म्हणजे एक खोली. ती दिली तरी मोरी एकच. आम्हाला लागू पडेल असा नियम आम्हीच सुचवतो : एका वेळी एकाच कुटुंबाला किंवा एकाच ओळखीच्या गटाला अख्खे आवार द्यावे, दोन बुकिंगांमध्ये एक दिवस मोकळा ठेवावा (पावसाळी हवेत चादरी एका दिवसात वाळत नाहीत, हा हिशेबही त्यात आहे), जेवण पडवीत किंवा माडाखाली, घरात नाही. पाच खोल्यांपर्यंतच्या नोंदणीकृत न्याहारी-निवासासाठी अशी स्वतंत्र नियमावली मराठीत, एका पानात काढावी.

लसीचेही तसेच. ऑगस्टच्या आदेशाने हॉटेल-खानावळीतल्या सगळ्या कामगारांचे दोन्ही डोस होऊन १४ दिवस झालेले हवेत. तत्त्व मान्य. पण कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचे अंतर आहे. अठरा वर्षांवरच्यांची लस मेमध्ये सुरू झाली, गावच्या केंद्रावरच्या वेळा मात्र शहरातल्या जलद बोटांनी आधी पटकावल्या. आमच्या वाढप्या पोराला पहिला डोस ऑगस्टच्या सुरुवातीला मिळाला असेल, तर दुसरा ऑक्टोबरच्या शेवटी आणि त्यावर १४ दिवस. ४ नोव्हेंबरला दिवाळी आहे. पोराचा दोष काय? पर्यटन गावांत आधार कार्डाची अडचण असलेल्यांसह सर्वांसाठी, होड्यांवर आणि बागांत राबणाऱ्या नेपाळी कामगारांसकट, जागेवर नोंदणीची शिबिरे घ्यावीत. एक डोस झालेल्यांना दर आठवड्याच्या मोफत चाचणीवर कामाची मुभा असावी.

आता पाण्यातले. इथे आम्हाला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण 'पर्यटन स्थळे बंद' किंवा 'सुरू' या शब्दांचा अर्थ दर अधिकारी आपापल्या परीने लावतो आणि जलक्रीडा त्यात कुठे बसते हे शेवटी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या हवालदाराला ठरवावे लागते.

केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे रोजी काढलेल्या सूचनेत म्हटले आहे की सूक्ष्म तुषार हवेतून १० मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि खेळती हवा हा मोठा बचाव आहे. मग उघड्या समुद्रावर, वारा खात डॉल्फिन पाहायला निघालेली होडी आणि काचा लावलेली वातानुकूलित बस यांना एकच टक्केवारी का? निम्मी माणसे घेतली म्हणून डिझेल निम्मे लागत नाही. एकाच कुटुंबाची माणसे असतील तर होडी पूर्ण क्षमतेने जाऊ द्यावी. अनोळखी गट एकत्र बसवू नयेत, हा नियम आम्ही पाळू. किनारा चार वाजता रिकामा करायला लावला की माणसे घरी जात नाहीत, खोल्यांत दाटीने बसतात. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते आम्ही पाहिले. किनारा उलट जास्त वेळ उघडा हवा.

मोकळ्या हवेने सगळेच सुटत नाही, हे मात्र स्कूबात दिसते. पाण्याखाली श्वास घ्यायच्या नळीचा तोंडात धरायचा भाग, ज्याला आम्ही माउथपीस म्हणतो, तो दिवसभरात कितीतरी तोंडांत जातो. नवख्याला पाण्यात नेताना प्रशिक्षक स्वतः एकदा श्वास घेऊन हवा बरोबर येते का बघतो, हा सुरक्षेचा जुना रिवाज. नेमका हाच आता धोका झाला आहे. उपाय महाग नाही. माउथपीस सिलिकॉनचा असतो, प्लास्टिकच्या पट्टीने नळीला बांधलेला. दर पाहुण्यासाठी नवा किंवा उकळून काढलेला तुकडा बसवता येतो. प्रशिक्षकाने आपला तुकडा खिशात ठेवायचा. पण उपकरणाच्या आतल्या भागासाठी कोणते जंतुनाशक, किती वेळ, हे होडीवर ठरवायचे काम नाही. चुकीचे रसायन रबराची चकती खाते आणि मग करोनाआधी पाणीच माणसाच्या छातीत जायचे. तारकर्लीला शासनाचीच स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिच्याकडून लेखी कार्यपद्धती घ्यावी, होडीवाल्यांना मोफत प्रशिक्षण द्यावे आणि करोनातून उठलेल्या माणसाला पाण्याखाली नेण्याआधी कोणती वैद्यकीय खात्री लागेल तेही तिने सांगावे. आज आम्ही विचारतो, "करोना झाला होता का?" पैसे भरून आलेला माणूस हो म्हणेल, असे आपल्याला वाटते का?

घोषणांबद्दल. १३ एप्रिलला रात्री साडेआठच्या सुमारास निर्बंध जाहीर झाले आणि १४ तारखेला रात्री ८ पासून लागू झाले. अशा वेळी रातोरात निर्णय घ्यावा लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या चोवीस तासांत कुणी मासळी भरली होती, कुणी गॅसच्या टाक्या आणल्या होत्या, आणि प्रत्येकाच्या खात्यात पाहुण्यांचा आगाऊ पैसा पडून होता. तो पुढचे काही आठवडे शिव्या खात परत करावा लागला. ज्यांनी तो आधीच छपरात घातला होता त्यांनी उसनवारी केली. म्हणून : निर्बंध कोणत्या आकड्याला लागतील आणि कोणत्या आकड्याला उठतील ते आधी जाहीर असावे, म्हणजे आमचे आम्हालाच चार दिवस आधी कळेल. जूनमधल्या निर्बंधांच्या पाच स्तरांमागे हाच विचार होता. पण जिल्हा हे माप फार मोठे आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावात रुग्ण वाढले म्हणून देवबागची होडी बांधून ठेवू नये. तालुका किंवा आरोग्य केंद्राचे क्षेत्र हे माप धरावे. आणि शासकीय आदेशाने रद्द झालेल्या बुकिंगची रक्कम एका वर्षाच्या आत वापरता येईल असा राज्यभर एकच नियम काढावा.

पैशाचे थोडक्यात. जूनअखेर केंद्राने पर्यटनासाठी कर्जहमी जाहीर केली : मान्यताप्राप्त पर्यटन संस्थांना १० लाख, परवानाधारक मार्गदर्शकांना १ लाख. आमच्यातला कोण यात बसतो? दोन खोल्यांचे कर्ज बहुतेकांनी घरकर्ज म्हणून, सोने ठेवून किंवा पतपेढीतून घेतले, त्यामुळे आधीच्या व्यवसायकर्जावर मोजली जाणारी आपत्कालीन हमीही दारावरून गेली. रिझर्व्ह बँकेच्या ५ मेच्या पुनर्रचना योजनेची मुदत ३० सप्टेंबरला संपते. आमच्या एका सभासदाला बँकेच्या शाखेत सांगण्यात आले की असे परिपत्रक आपल्याकडे आलेलेच नाही. ही मुदत मार्चअखेरपर्यंत वाढवून घेण्यासाठी राज्याने शब्द टाकावा आणि पतपेढ्यांनाही तसे निर्देश द्यावेत. आदरातिथ्य क्षेत्राला १ एप्रिल २०२१ पासून उद्योगाचा दर्जा मिळाला आहे. त्यातल्या वीज आणि घरपट्टीच्या सवलती न्याहारी-निवासापर्यंत पोचवाव्यात. बंद काळातला विजेचा स्थिर आकार माफ करावा. मीटर फिरला नाही, बिल मात्र फिरले.

गोव्याच्या हद्दीचा प्रश्नही आहेच. बांदा-सावंतवाडीची पोरे रोज पत्रादेवी ओलांडून कामाला जातात आणि आमचा निम्मा पाहुणा गोवा करून येतो किंवा इथून गोव्याला जातो. मे महिन्यात न्यायालयाच्या आदेशाने तिकडे निगेटिव्ह दाखला सक्तीचा झाला, तेव्हा नोकरी टिकवायला नाकात काडी घालत राहणे आले. दोन्ही राज्यांनी एकच प्रमाणपत्र मान्य करावे.

आमच्या बाजूने काय, हेही लिहून देतो. २०२० मध्ये काही गावांच्या वेशीवर बांबू आडवे पडले होते आणि आपल्याच चाकरमान्यांना शाळेत झोपवले होते. पाहुण्यांचे स्वागत करणारे आणि त्यांना घाबरणारे एकाच वाडीत राहतात. म्हणून प्रत्येक गावात ग्रामपंचायत, आशाताई आणि व्यावसायिक यांची समिती आम्ही मान्य करतो. समितीने सांगितल्यास एखाद्या वाडीचे बुकिंग आम्ही स्वतः थांबवू. पाहुण्यांची नोंदवही रोज आरोग्य केंद्राला देऊ. मास्क न लावता बाजारात हिंडणाऱ्या पाहुण्याला सांगण्याचे कामही आमचे. दंडाची पावती मात्र ज्याचे तोंड उघडे त्याच्या नावाने फाडावी, घरमालकाच्या नव्हे.

या मागण्यांवर चर्चेसाठी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बैठक लावावी. ९ तारखेला चिपी विमानतळाचे उद्घाटन आहे, त्या धांदलीच्या आधी झाल्यास बरे. बैठक ओरोसऐवजी मालवणला ठेवावी आणि जिल्हा शल्यचिकित्सक, बंदर खाते आणि अग्रणी बँकेचे अधिकारी यांना बोलवावे. शनिवार-रविवार सोडून कोणताही दिवस आम्हाला चालेल. बैठकीचे इतिवृत्त आठ दिवसांत लेखी मिळावे, ही विनंती.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद
तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग